दोन बादल्यांची गाडी

मिलुटिनने एक वही घातली, इतकंच. गाडी कधी चालू होते आणि कधी होत नाही याची रीतसर नोंद ठेवायची असं त्याने जूनच्या एका सकाळी ठरवलं. आता नवऱ्याने घरात वही घातली यात वाईट काय? काहीच नाही. पण त्या वहीपायी अख्ख्या गल्लीने त्याला बनियनवर टाय बांधून अंगणात बसलेला पाहिलं, आणि पुढे जे झालं ते तर विचारूच नका.

गाडी तशी त्याची नव्हेच. ती त्याच्या सासऱ्यांची, म्हणजे दिवंगत ल्युबिशांची. पिवळी, लहानखुरी, गोल पाठीची. तिचं सगळं उलटं. इंजिन मागे, डिकी पुढे. मागच्या झाकणाला हवा जायला आडव्या फटी. ल्युबिशांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण सासूबाई पर्सिदा अजून रोज सकाळी खिडकीतून आधी गाडीकडे बघायच्या आणि मग आभाळाकडे. गाडी मिलुटिनच्या हाती सोपवताना त्यांनी सांगितलं होतं, "जावईबापू, मुलगी दिली तेव्हा मी रडले नव्हते. आता रडतेय. जपून चालवा."

नऊ वर्षं गाडी चालली. ईस्टर झाला आणि तिने रंग दाखवायला सुरुवात केली.

म्हणजे कसं? बाजारात जायचं असलं की पहिल्याच सेल्फला चालू. लाकडं आणायची, बटाट्याची पोती आणायची, चालू. पण दाताच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, मिलुटिन सेल्फ मारतोय, मारतोय, गाडी नुसती खों खों करतेय. जिल्ह्याच्या गावी पाणीपुरवठा कचेरीची वार्षिक बैठक होती, त्या दिवशीही तेच. मेहुणीकडे घराण्याच्या संताचा सण होता, तेव्हा तर बायको स्लावका मांडीवर केकचा डबा घेऊन अर्धा तास गाडीत बसली आणि मग तशीच उतरून बसने निघून गेली. (केकसह. नवऱ्याशिवाय.)

"गाडी तुझ्यासारखीच आहे," ती रात्री परतल्यावर म्हणाली. "बिनकामाचा दिवस असला की उत्साह. काम निघालं की पाठ धरते."

झार्को मेकॅनिकचं गॅरेज गल्लीच्या टोकाला. तासाभराने चार माणसांनी ढकलत गाडी तिथे न्यायची, झार्कोने हात पुसत आत बसायचं, किल्ली फिरवायची, आणि गाडीने फुर्रकन चालू व्हायचं. एकदा नाही, चार वेळा.

"अरे, काहीतरी बघ तरी!" मिलुटिन म्हणाला.

"काय बघू? चालू गाडीत काय बघायचं असतं? निरोग्याची नाडी काय धरू?"

"पण घरी होत नाही ना चालू."

"माझ्याकडे होते. मला घाबरते ती."

"मग तू आमच्याकडे राहायला ये."

"तुझ्या सासूच्या हातचं जेवण मिळणार असेल तर आजच गाठोडं बांधतो," झार्को म्हणाला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात पुढे म्हणाला, "मिलुटिन, मनावर घेऊ नकोस. पण बिघाड बहुतेक सीट आणि स्टिअरिंग यांच्या मध्ये आहे."

हे मात्र लागलं. कारण मिलुटिन कोण? नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातला गळती शोधणारा. तीस वर्षं. हातात लोखंडी कांडी, तिच्या टोकाला लाकडी वाटी. कांडी रस्त्याला टेकवायची, वाटी कानाला लावायची, आणि दीड मीटर खाली कुठला पाइप रडतोय ते सांगायचं. खात्यात त्याच्या कानाची शपथ घेत. "गळती लपत नसते," तो नव्या लोकांना सांगायचा, "ऐकणारा लागतो." अशा माणसाला स्वतःच्या अंगणातल्या गाडीचा रोग कळू नये? छट्. म्हणून वही.

वहीत रकाने पाडले आणि ईस्टरपासूनच्या खेपाही आठवून भरल्या. तारीख, वार, हवा, अंगावरचे कपडे, पेट्रोल, बॅटरी, किती वेळा सेल्फ मारला. महिन्याभराने 'चंद्राची स्थिती' असाही एक रकाना आला. (हे स्लावकाला कळू दिलं नाही.) गाडी रुसली की तो मागचं झाकणही उघडून बघायचा. आत सगळं ओलसर दिसायचं. त्याने लिहून ठेवलं, 'दव'. जुलैत सकाळी दहा वाजता दव कुठून आलं, असा प्रश्न त्यालाही पडला, तेव्हा त्याने 'दव' खोडून 'इंजिनाला घाम' असं लिहिलं.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांच्या भागातली रीत अशी, की माणूस मोठ्या कामाला निघाला, परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला, डॉक्टरकडे, की त्याच्या पाठीमागे तांब्याभर पाणी ओतायचं. म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ वाहते. बाजाराला निघालेल्यासाठी कोणी ओतत नाही. बटाट्यांसाठी काय शकुन बघायचा? पर्सिदाबाईंनी हे कधी चुकवलं नव्हतं. गाडी फाटकाबाहेर पडली की तांब्या घेऊन त्या मागे लगबगीने जायच्या आणि रस्त्यावर ओतायच्या. पण ईस्टरला गुडघे धरले. आता गाडी गाठणं कुठलं जमायला? म्हणून गाडी उभी असतानाच, मिलुटिन घरात किल्ली नाहीतर मोजे शोधत असायचा तेव्हा, त्या सावकाश पायऱ्या उतरून ते काम उरकून टाकायच्या. वाकताही येत नव्हतं. उभ्या उभ्या ओतायचं. गाडीच्या पाठीवर.

आणि मिलुटिनला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं की! ओलं अंगण, गाडीच्या पाठीवरून ओघळणारे थेंब, सासूबाईंच्या हातात रिकामा तांब्या. पण जन्मापासून प्रत्येक मोठ्या दिवशी जे बघितलं, ते माणूस बघतो थोडंच? वहीत पाण्याचा रकाना नव्हता. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही पाडला नसता.

ऑगस्टअखेर वहीने अखेर तोंड उघडलं. मिलुटिन स्वयंपाकघरात पानं चाळत होता आणि एकदम ताठ बसला.

"स्लावका! सापडलं!"

"काय? चष्मा? डोक्यावर आहे."

"कारण सापडलं. जेव्हा जेव्हा मी टाय बांधतो, तेव्हा गाडी चालू होत नाही."

स्लावका मिरच्या भाजत होती. तिने एक मिरची उलटली, मग दुसरी उलटली. मग म्हणाली, "आई, ह्याला ताप आहे का बघ गं."

पण वही खोटं बोलत नव्हती. डॉक्टर, टाय. बैठक, टाय. मेहुणीचा सण, टाय. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मिलुटिनने शास्त्रशुद्ध प्रयोग चालू केले. बनियनवर टाय बांधून सेल्फ मारला. चालू. टाय सैल करून मारला. चालू. रेघांचा टाय, ठिपक्यांचा टाय, दोन टाय एकदम. चालू, चालू, चालू.

कुंपणावरून शेजारचा तिहोमिर बघत होता. ह्या तिहोमिरकडे नवी कोरी, चांदीच्या रंगाची गाडी होती आणि ती तो रविवारी नुसतीच पुसत बसायचा.

"मिलुटिन, कुठे निघालायस?"

"कुठेच नाही."

"मग टाय?"

"तपासणी चाललीय."

"बरं बरं," तिहोमिर म्हणाला. "पँट घालायची राहिलीय, तेवढी नोंद कर."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी उरोशचं लग्न होतं आणि मिलुटिन त्याचा कूम होता. कूम म्हणजे लग्नाचा साक्षीदार, पाठीराखा, धर्माचा भाऊ. मिलुटिनचे वडील उरोशच्या आजोबांचे आणि मग बापाचेही कूम होते, आता पाळी मिलुटिनची. कूमाशिवाय वरात निघत नाही, चर्चमध्ये पुरोहित पुस्तक उघडत नाही. तिकडे म्हणतातच, कूम म्हणजे काही शर्टाचं बटण नव्हे, तुटलं आणि दुसरं लावलं. बरोबर नऊ वाजता टेकडीपलीकडच्या गावात, उरोशच्या दारात, कूमाने हजर व्हायचं. रविवारी तिकडे बस जात नाही.

"तिहोमिरला सांग," स्लावका म्हणाली.

"कूमाने दुसऱ्याच्या गाडीत बसून जायचं? माझे बाबा त्यांच्या दारात स्वतःच्या घोडागाडीतून गेले होते!"

"त्यांचा घोडा चालू व्हायचा." तिने कमरेवर हात ठेवले. "हे बघ, मी आईसमोर सांगतेय. रविवारी ही गाडी अडली, तर सोमवारी भंगारवाला बोलावते. बास झालं."

सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या पिवळ्या गाडीकडे बघत राहिल्या आणि मग एप्रनच्या टोकाने उगाचच काच पुसायला लागल्या. मिलुटिनने ते बघितलं. गाडी गेली तर ह्या बाईची सकाळ कशाने उजाडायची?

म्हणून त्याने युक्ती काढली. गाडी चालू होत नाही ना? मग ती आधीच चालू करून ठेवायची! रविवारी सकाळी सहाला, सगळे झोपेत असताना, तो उठला, कोट चढवला, टाय बांधला (आता टायवर त्याचा राग नव्हता), आणि चोराच्या पावलांनी अंगणात गेला. किल्ली फिरवली. फुर्र! पहिल्याच सेल्फला. आता आठपर्यंत इंजिन बंदच करायचं नाही. तो आत बसून राहिला. कागदात गुंडाळलेला चीजचा बुरेक खाल्ला. स्वतःवर इतका खूश झाला की त्याने आरशात स्वतःलाच डोळा मारला.

साडेसातला स्लावका खिडकीत आली. आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन तिने केस बसवून घेतले होते, आणि ते दवाने मोडू नयेत म्हणून डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी, गुलाबी, झालरीची.

"चालू आहे?" तिने ओरडून विचारलं.

"चालू आहे!"

"हात लावू नकोस कशाला!"

आणि तेवढ्यात त्याला आरशात सासूबाई दिसल्या. एक एक पायरी मोजत उतरत होत्या. आज जावई कूम होऊन निघाला होता, मोठ्यातलं मोठं काम. तांब्या कसा पुरणार? त्यांच्या हातात बादली होती. भरलेली. त्या गाडीच्या मागे आल्या, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या, बादलीचा तळ दुसऱ्या हाताने उचलला आणि सगळं पाणी गाडीच्या पाठीवर ओतलं.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

अंगण एकदम शांत. त्या शांततेत मिलुटिनच्या कानाला मागून आवाज आला. टप्. टप्. टप्. तीस वर्षं तो हाच आवाज ऐकून रस्ते खणायला लावत होता. पाणी कुठून शिरतंय, कशावर पडतंय, सगळं त्याला बसल्या जागी कळलं. आणि त्याचबरोबर दंतवैद्य, बैठक, केकचा डबा, दव, घाम आणि दोन टाय, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढून गेलं. मेलो, त्याला वाटलं. आणि मेलो तोही पाण्यात.

तो उतरला, झाकण उघडलं. फटींच्या बरोबर खाली डिस्ट्रिब्युटर, प्लगांना ठिणगी वाटून देणारा. त्याच्या काळ्या टोपीला केसाएवढी चीर, आणि त्या चिरेत पाणी.

"बंद पडली?" स्लावका पायरीवर आली. "पडली ना? मला माहीत होतं!"

"मिलुटिन, मी सोडू का?" कुंपणावर तिहोमिर. त्याच्या हातात पुसायचं फडकं तयार.

घड्याळात आठला दहा कमी. मिलुटिन सासूबाईंकडे वळला. शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. आई, तुमच्या पाण्यानेच, सहा महिने, तुमच्याच हाताने. पण सासूबाई रिकामी बादली छातीशी धरून बंद गाडीकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"पुरलं नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगते जावईबापू, ह्यांच्या छातीत दुखायला लागलं ना, त्या दिवशी सगळी घाई झाली. उचलून नेलं. मी तांब्या भरला तोवर ते फाटकाबाहेर. तांब्या हातात धरून मी इथेच उभी राहिले. ते परत आले नाहीत. तेव्हापासून ह्या घरातून कोणाला मी कोरडं जाऊ दिलं नाही. कोणाला नाही."

मिलुटिनने ते शब्द गिळले.

"बरोबर आहे, आई," तो म्हणाला. "पुरलं नाही. जुनी गाडी आहे, एका बादलीने तिचं काय होणार? अजून एक आणा."

"आणू?"

"काठोकाठ."

सासूबाईंचा चेहरा उजळला आणि त्या पायऱ्यांकडे निघाल्या. गुडघ्यांचा हिशेब धरला तर जायला-यायला सहा मिनिटं. मिलुटिनने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, गळ्यातला टाय ओढला आणि त्याने ती आतून बाहेरून, कोपऱ्याकोपऱ्यात पुसून काढली. ठिपक्यांच्या रेशमी टायला आयुष्यात पहिल्यांदा काही काम मिळालं. टोपी परत बसवली. पण दुसरी बादली येतेय तिचं काय? त्याने इकडे तिकडे बघितलं. मग स्लावकाकडे बघितलं. मग स्लावकाच्या डोक्याकडे.

"नाही," स्लावका म्हणाली.

"दे."

"मिलुटिन, मी तुला सांगतेय, ह्या केसांसाठी मी तीन तास..."

त्याने टोपी उचलली. गुलाबी, झालरीची, भोवती रबर. डिस्ट्रिब्युटरवर ती अशी बसली की जणू त्याच्याच मापाने शिवली होती. तारा सगळ्या आत, झालर खाली. झाकण लावलं. आत बसून किल्ली फिरवली.

फुर्र!

सासूबाई बादली घेऊन आल्या तेव्हा गाडी चालूच होती. "तरी ओता!" मिलुटिन ओरडला. त्यांनी ओतली. सगळी. गाडी हलली नाही, खोकली नाही. अर्धं पाणी उडून स्लावकाच्या केसांवर गेलं हे खरं, पण त्या क्षणी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बघितलंत?" सासूबाई तिहोमिरला म्हणाल्या. "दोन लागतात."

नऊला पाच कमी असताना पिवळी गाडी उरोशच्या दारात उभी राहिली. कूमाच्या गळ्यात टाय नव्हता आणि कूमाच्या बायकोचे केस कपाळाला चिकटले होते, पण वेळेवर आले म्हणून म्हाताऱ्यांनी राकियाचे पेले उंचावले. स्लावका तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आईला का नाही सांगितलंस?" आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली. भंगारवाल्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण सासूबाईंना काही पोटात ठेवता येत नसे. अख्ख्या बाजारात झालं, पर्सिदाबाईंच्या दोन बादल्यांनी मेलेली गाडी उठते. पहिल्या थंडीत तिहोमिरची चांदीच्या रंगाची गाडी अडली, तर तो मान खाली घालून फाटकाशी आला, "काकू, जरा याल का?" आणि ती खरंच चालू झाली. (झार्कोने त्याच सकाळी बॅटरी बदलली होती, पण ते कोण सांगणार?) मग पोस्टमनची मोपेड आली, बेकरीवाल्याची व्हॅन आली. रोज सकाळी अंगणात रांग, आणि सासूबाई नळाखाली बादल्यांवर बादल्या भरतायत. गुडघ्यांचं नावसुद्धा काढत नव्हत्या. मिलुटिनने त्यांना इतकं खूश नऊ वर्षांत बघितलं नव्हतं.

नोव्हेंबरात साहेबांनी त्याला कचेरीत बोलावलं. समोर नकाशा पसरलेला.

"तुमच्याच गल्लीत कुठेतरी मोठी गळती आहे, मिलुटिन. महिन्यात पाणी दुप्पट गेलंय. तूच जा. तुझ्या कानापुढे काही लपत नाही."

मिलुटिन गेला. सगळी गल्ली बघत असताना स्वतःच्याच फाटकाशी कांडी टेकवून, वाटी कानाला लावून, दोन तास उभा राहिला. आत अंगणात बादली भरत असल्याचा आवाज खळखळ येत होता. शेवटी त्याने कागदावर लिहिलं, 'तपासणी केली. गळती आढळली नाही.'

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि त्याच्याकडे मायेने बघितलं.

"होतं असं," ते म्हणाले. "तीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. दाराशी पाणी वाहतंय आणि तुला ऐकू येत नाही म्हणजे... लाजू नकोस. गुरुवारी जिल्ह्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. मी चिठ्ठी देतो."

गुरुवारी मिलुटिनने टाय बांधला आणि बाहेर आला. अंगणात सासूबाई तीन बादल्या भरून उभ्या होत्या.

"कानाचं काम आहे," त्या त्याच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हटलं, एक जास्त असू दे."